वायपरचं पाणी घरी बनवताय? मग निदान या चुका तरी टाळा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी बोनेट उघडं असतं आणि एक तरी जण हातात बाटली घेऊन आत वाकून बघत असतो. मी मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडवर. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून इथे काचेवर धूळ कशी बसते ते इथल्या माणसाला सांगायला नको, सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे वायपरच्या टाकीतलं पाणी आम्हाला दुधाच्या पिशवीसारखं लागतंच. विकतचं आणून टाका की, काही वाईट नाही. पण घरी करणं खरंच सोपं आहे, मी गेली आठ-नऊ वर्षं घरचंच वापरतोय, आणि वैताग त्याचाच येतो की एवढी सोपी गोष्ट लोक इतक्या हौसेने बिघडवतात.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. हे मुळात पाणीच आहे. साबण नावापुरता आणि थोडं अल्कोहोल, बास. "जरा जास्त टाकतो म्हणजे जास्त स्वच्छ होईल" हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्या गाडीचं नोझल (काचेवर पाणी उडवणारं बारीक तोंड) महिनाभरात तुंबलेलं मी बघितलंय.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे कपडे धुवायची पावडर. माझा धाकटा मेहुणा कासारवडवलीला राहतो. त्याने सेकंडहँड गाडी घेतली आणि कुठलासा व्हिडिओ बघून एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पावडर आणि वर अर्धं लिंबू पिळून (लिंबू कशाला ते त्यालाच माहीत) टाकीत ओतलं. जूनचा पहिला पाऊस, रात्रीचे साडेनऊ, आम्ही ठाणे स्टेशनहून परत येतोय, मी पुढे बाजूला बसलेलो. पातलीपाड्याच्या पुढे एका डंपरने असा काही चिखल उडवला की काचच दिसेनाशी झाली. भाऊसाहेबांनी ऐटीत दांडी ओढली. पहिल्या फटक्यात चिखल पसरला आणि दुसऱ्या फटक्यात फेस. तिसऱ्या फटक्याला काच ताक घुसळल्यासारखी पांढरी, वर समोरून कंटेनरचे हेडलाइट, म्हणजे आम्ही चक्क ट्यूबलाइटच्या आत बसल्यासारखे. तो म्हणतो, "दाजी, थांबा, अजून थोडं मारतो, जाईल." मी ओरडलो की आता हात लावू नकोस, गाडी बाजूला घे. वाघबीळच्या अलीकडे कशीबशी कडेला लावली आणि प्यायच्या पाण्याच्या तीन बाटल्या काचेवर ओतल्या तेव्हा कुठे रस्ता दिसला. पाऊस नेमका तेवढ्यापुरता थांबला होता, त्याचंही नशीबच.

दुसऱ्या दिवशी डावीकडचं नोझल बंद. टाकीची मोटर काढली तर तिच्या बारक्या जाळीवर पानाच्या डबीतल्या चुन्यासारखा पांढरा लगदा. कारण साधं आहे, पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो आणि भरीला टाकलेलं बरंच काही असतं जे नीट विरघळतच नाही, त्यात पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून खडूच तयार होतो. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं, बोनेट उन्हात तापतं, पाणी उडून जातं आणि खडू तिथेच राहतो. मेहुण्याची मोटर गेली ती गेलीच. लवकर लक्षात आलं तर वाचते. टाकी पूर्ण रिकामी करायची, तीन भाग कोमट पाणी आणि एक भाग पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी थोडं थोडं मारून सगळं बाहेर काढायचं आणि मग दोनदा साध्या पाण्याने. उकळतं पाणी नको, टाकी आणि पाइप प्लास्टिकचे आहेत. हे व्हिनेगर फक्त साफसफाईपुरतं, कायमचं टाकून ठेवू नका, गाडी चायनीजच्या गाडीसारखी वासाने ओळखू येते.

भांडी घासायचं लिक्विड मात्र चालतं, पण किती? माझं माप ५ लिटरला एक छोटा चमचा, तोही सपाट. हे सांगितलं की समोरचा अशा नजरेने बघतो जणू मी कंजूस आहे. काचेवरची धूळ आणि ट्रकच्या धुराचा तेलकट थर सोडवायला तेवढा पुरतो. त्याच्या वर गेलात की साबणाचाच थर बसतो, दिवसा कळत नाही, रात्री समोरच्या लाइटला इंद्रधनुष्य दिसतं.

आता पाणी. यावर कोणी बोलतच नाही, आणि खरी गोम इथेच आहे. धरणाचं पाणी, मग ते नवी मुंबईचं मोरब्याचं असो की आपलं भातसाचं, त्यातल्या त्यात सौम्य. पण आमच्याकडे एप्रिल-मे आला की टँकर आणि बोअरवेल, आणि ते पाणी बादलीत वाळलं तरी पांढरी कड सोडतं. तेच पाणी रोज काचेवर मारून मारून सुकलं की क्षारांचे डाग बसतात, ते मग कुठल्याही साबणाने निघत नाहीत. आणि ते आरओचं वाया जाणारं पाणी वापरणारे शहाणे! अहो, जे क्षार मशीनने तुमच्या पिण्यातून काढले तेच सगळे त्या नळीतून बाहेर येतायत, तुम्ही निवडून निवडून वाईट पाणी गाडीत घालताय. पाणी वाचवायची कळकळ असेल तर त्याने जिना धुवा. मी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन आणतो. मे महिन्यात एसीच्या नळीखाली बादली लावतो, आपल्या दमट हवेत ती रात्रीत चांगली भरते. त्यात क्षार जवळजवळ नसतात पण कॉइलवरची धूळ आणि बुळबुळीत घाण असते, म्हणून मलमलच्या फडक्याने दोनदा गाळून त्याच दिवशी अल्कोहोल घालून ठेवतो. बादलीत चार दिवस तसंच ठेवलेलं घेत नाही.

"मग साधं पाणीच भरतो ना, कशाला भानगड" म्हणणाराही एक असतो. त्याला साचलेल्या पाण्याचा वास दाखवा. बंद टाकी, वरून इंजिनची ऊब, आत शेवाळासारखा थर धरतो आणि दांडी ओढली की एसीतून कुजकट वास गाडीत. आणि हा नुसता वासाचा प्रश्न नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली तिथल्या आरोग्य खात्याच्या लोकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात वायपरच्या टाकीत नुसतं पाणी भरण्याचा संबंध लीजनेअर नावाच्या न्यूमोनियाशी दिसला होता. तो जंतू कोमट साचलेल्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्यातून श्वासात जातो. आपल्याकडे कोमट पाण्याला काय तोटा.

म्हणून थोडं अल्कोहोल. केमिस्टकडे ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल मिळतं, कोविडनंतर सगळ्यांना माहीत झालंय, ते ५ लिटरला ३०० ते ४०० मिली. तेलकटपणा सुटतो, काच पटकन कोरडी होते, पाणी लवकर सडत नाही. मिसळायचं बाल्कनीत, गॅस पेटलेला असताना किचनमध्ये नाही, ते भडकतं. इथेही "जास्त" वाल्यांनी अर्धं-अर्धं करून बघितलंय, मे महिन्याच्या उन्हात ते वायपर फिरायच्या आतच उडून जातं आणि धूळ सुक्या काचेवर रखडत राहते.

परदेशी व्हिडिओत मिथेनॉल सांगतात. ते कशासाठी, तर शून्याखाली पाणी टाकीत गोठू नये म्हणून. ठाण्यात १६ डिग्रीला आपण मफलर काढतो, आपल्याला काय करायचंय गोठण रोखून? मिथेनॉल म्हणजे विष, पोटात गेलं तर आधी डोळे जातात मग माणूस. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. घरात आणूच नका. आणि कुठलंही मिश्रण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका, वर निळा रंग घालून तर मुळीच नाही, घरात पोरं असतात. माझ्या कॅनवर मार्करने "गाडी - पिऊ नका" लिहिलंय, बायको हसते, हसू दे.

दुसरी मोठी चूक पाण्याची नाहीच, झाकणाची आहे. आमच्याच बिल्डिंगमधला एक पोरगा, नवीन नोकरी, नवीन गाडी, माझ्याकडून माप विचारून गेला आणि अर्ध्या तासाने, "काका, सगळं भरलं, एकदम टॉप." मला तेव्हाच विचारायला हवं होतं की कशात भरलंस. दुपारी मित्रांना घेऊन वसईकडे निघाला. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर, बोनेटच्या फटीतून फेस, आणि मला फोन. "काका, गाडी शाम्पू करतेय." कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत ओतलेलं! साबणाचं पाणी इंजिनमध्ये फिरलं की फेस होतो, आणि बुडबुडे उष्णता वाहून नेत नाहीत, इंजिन तापतं. त्याला म्हटलं आधी बंद कर, झाकणाला हात लावू नकोस, गरम कूलंट तोंडावर उडतं, टोइंगवाल्याला बोलव. मेकॅनिकने चार वेळा फ्लश केलं तरी फेस थोडा येतच होता, पाचव्या वेळी पाणी स्वच्छ आलं. हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सील) वाचलं हे नशीब.

ओळखायचं कसं? वायपरच्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, बहुतेक गाड्यांत निळं किंवा काळं. आणि त्याची टाकी सहसा दिसतच नाही, ती खाली बंपरच्या किंवा फेंडरच्या आड असते, वर फक्त मान येते. ज्या टाकीचं पोट समोर दिसतंय आणि त्यावर मिन-मॅक्सच्या रेषा आहेत आणि आत गुलाबी-हिरवं किंवा पिवळसर काहीतरी आहे, ती कूलंटची किंवा ब्रेक ऑइलची, तिथे तुमचं काही काम नाही. चुकून ओतलंच तर गाडी चालू करू नका, एवढंच पाळा, अर्धा खर्च तिथेच वाचतो. उलटही करतात लोक, उरलेलं कूलंट वायपरच्या टाकीत, "वाया कशाला घालवायचं". काचेवर तुपकट थर बसतो, आणि ते विषारी असतं, खाली गळलेलं मांजरांनी चाटलं तर मरतात.

बाकीच्या पटापट सांगतो. फिनाइल नको, पांढुरका पडदा येतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फसफसताना बघायला मजा येते पण दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. ब्लीचमध्ये काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. अमोनियावालं क्लीनर काचेवरच्या फिल्मला खातं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर वगैरे सुचलं असेल तर आधी चहा प्या. केसांचा शाम्पू, त्यातून कंडिशनरवाला, म्हणजे काचेला तेल लावणं. साबण नेहमी पाण्यात शेवटी टाकायचा आणि कॅन हलकेच उलटसुलट करायचा, ताकासारखा घुसळायचा नाही. टाकीत आधीचं विकतचं काही असेल तर ते संपवून मगच आपलं भरा, काही मिश्रणं एकमेकांत जेलीसारखी घट्ट होतात.

आणि टाकी रिकामी असताना "येतंय का बघू" म्हणत दांडी ओढून धरणाऱ्यांनो, मोटरला तेच पाणी थंड ठेवतं. पाणी नाही तर मोटर दहा-बारा सेकंदांत रडायला लागते. आवाज येतोय पण पाणी नाही, तर सोडा, बोनेट उघडा, पाइप कुठे निसटलाय ते बघा, आमच्याकडे उंदरांनी कुरतडलेला सापडलाय.

सगळं नीट करूनही काचेवर रेघा येत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी वायपरचं रबर अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. फडकं काळंकुट्ट निघेल. तरी रेघ राहिली तर रबर गेलं, आपल्या उन्हात वर्षभर टिकलं तरी खूप, मी दर मे अखेर बदलतो. गाडी रेन ट्रीखाली लावत असाल तर झाडावरून पडणारा तो चिकटा पिचकारीने जाणार नाही, ओलं फडकं दोन मिनिटं त्यावर ठेवा आणि हाताने काढा, वायपर फिरवलात तर रबराचंही वाटोळं.

नोझल तुंबलं तर लगेच पिन खुपसू नका, घाण आत जाते. पाइप सुटत असेल तर सोडून उलट बाजूने फुंका. गोल मण्यासारखं जुन्या पद्धतीचं नोझल असेल तर अगदी बारीक सुईने दिशा बदलता येते, नव्या पसरट फवारा मारणाऱ्या नोझलला सुई अजिबात नको. आणि सुई शिवणाच्या डब्यातली बारकीच घ्या. मी एकदा गोधडीची दाभण वापरली होती, तेव्हापासून महिनाभर माझी पिचकारी टपावरून मागच्या बाईकवाल्यावर जात होती आणि मला वाटायचं लोक हॉर्न ट्रॅफिकमुळे वाजवतायत.