गेटवेला वळसा घालून येणारा स्पॅम

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी डीएनएस नोंद) फिल्टरिंग गेटवेकडेच, म्हणजे स्पॅम गाळणाऱ्या सर्व्हरकडेच होता, तरी खोट्या बिलांचे मेल इनबॉक्सात येतच होते. अकाउंट्सच्या ताई पार वैतागल्या. एका मेलचे हेडर उघडले, तर 'रिसीव्ह्ड'च्या, म्हणजे मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला ते सांगणाऱ्या ओळींत गेटवेचं नावच नाही! स्पॅमवाले एमएक्स कशाला बघतील? आमच्या मेल सर्व्हरचा आयपी (नेटवरचा पत्ता) जुन्या डीएनएस नोंदीत होताच, ते थेट त्याच्या पोर्ट २५ वर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरांकडून मेल घ्यायच्या दारावर धडकत होते. पुढच्या गेटवर वॉचमन, मागचं दार सताड उघडं.

फायरवॉलमध्ये पोर्ट २५ फक्त गेटवेच्या आयपींना उघडा ठेवला. आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा नियमही लिहा, तो हमखास राहतो. स्टाफचे मेल लॉगिन करून पोर्ट ५८७ वरून जातात, त्यांना काही कळलंही नाही. कागद स्कॅन करून मेल करणारा स्कॅनर मात्र रुसला. तो २५ वरच मेल टाकायचा. त्याचाही आयपी यादीत घातला.