शाळेचं वार्तापत्र कसं काढायचं, आमच्या चुकांसकट

जूनमध्ये शाळा उघडली की कुठला ना कुठला पालक मला मेसेज करतोच, ताई तुमच्या शाळेसारखं पत्रक आम्हालापण काढायचंय, कसं करता ते सांगा ना. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आमची शाळा लालबागकडची, मराठी माध्यम, पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आणि सगळा पट मिळून शंभरच्या आत. म्हणजे मोठ्या शाळांचं गुळगुळीत कागदाचं मासिक वगैरे डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. आपण बोलतोय एका कागदाबद्दल.

पहिली चूक आम्ही केली ती म्हणजे दर महिन्याला काढू म्हटलं. जुलैचा निघाला, ऑगस्टचा रडतखडत निघाला, सप्टेंबरमध्ये गणपती आले आणि लालबागमध्ये गणपतीत कोण काय काम करणार, तिथेच सगळं बंद पडलं. आता वर्षाला चारच अंक काढतो. एक जुलैअखेर, एक दिवाळीच्या सुट्टीआधी, एक जानेवारीत आणि शेवटचा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, कारण १ मेला निकाल घेऊन मुलं गेली की थेट गावी, मग जूनपर्यंत कोणी भेटत नाही.

टीम छोटी ठेवा. एक बाई, दोन पालक आणि चौथीची चार मुलं, बस. मुख्याध्यापिका बाईंना आधी विचारा हे सांगायला नकोच, पण नुसतं तोंडी विचारू नका, शालेय व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय मांडा. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असावीच लागते, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात असं लिहिलंय. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, मीटिंगला जातात, सही करतात, चहा पितात नि घरी येतात. तिथे विषय एकदा नोंदला गेला की झेरॉक्सच्या पैशासाठी पुन्हा पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. जूनमध्येच बाईंकडून प्रत्येक वर्गाची नावांची यादी घ्या आणि अंकात ज्या मुलाचं नाव छापून येईल त्याच्यापुढे टिक करा. एप्रिलपर्यंत प्रत्येक नावापुढे एक तरी टिक पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही, आणि शेवटी मोजलं तेव्हा कळलं की एका हुशार मुलाचं नाव सात वेळा आलंय आणि अकरा मुलांचं एकदाही नाही. ही अकराही मुलं शांत बसणारी, कशात नंबर नाही, नाटकात झाड होणारी. त्यातल्या एकीची आई गेटवर अंक उलटसुलट करून बघत होती आणि मला काही बोलली नाही, ते न बोलणंच जास्त लागलं. आता जानेवारीचा अंक लावायच्या आधी मी यादी काढते, कोण राहिलंय बघते आणि त्याच मुलाला काम देते, बाटलीने पाऊस मोजायचं म्हणा, मुलाखतीचं म्हणा.

बातम्या आणायच्या कुठून? परिपाठातून. परिपाठात मुलं पेपरातल्या बातम्या वाचतातच, पंतप्रधान कुठे गेले वगैरे, त्याच्यानंतर रोज एकाने शाळेतली एक बातमी सांगायची असं ठरवा, आणि एका वहीत ती लिहून ठेवा. सुरुवातीला सगळी मुलं आज सगळे हजर आहेत एवढंच सांगतात, पण महिन्याभरात तरबेज होतात. मोठ्यांचंच वळण मोडणं कठीण. आमच्याकडे ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ या वाक्यावर बंदी आहे, जो लिहील त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. त्याच्याऐवजी हे बघा: ‘दुसरीने लावलेली कढीपत्त्याची कुंडी जगली, कारण रविवारी शिपाईकाका पाणी घालतात.’ यात कोणी केलं, काय झालं, का झालं सगळं आलं, आणि शिपाईकाकांनी तो अंक घडी करून खिशात ठेवला. अजून एक, प्रमुख पाहुण्यांचा हारतुऱ्याचा फोटो पहिल्या पानावर टाकू नका. पाहुण्यांना राग येत नाही, खरंच, त्यांच्याकडे असे फोटो खूप असतात.

पावसाळी अंकाला विषयच शोधावा लागत नाही. आम्ही पर्जन्यमापक बनवतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, तळ खडबडीत असतो म्हणून खाली थोडे खडे टाकून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची, वर पट्टी चिकटवायची. उघड्यावर ठेवा, गच्चीच्या पत्र्याखाली किंवा झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण वेधशाळासुद्धा साडेआठ ते साडेआठ असे चोवीस तास धरते, मग पेपरात कुलाबा आणि सांताक्रुझचे मिलिमीटर येतात त्याच्याशेजारी आपला आकडा लिहायचा. आमची शाळा दुपारची असती तर पंचाईत होती, तुमची तशी असेल तर जवळ राहणाऱ्या मुलाला ड्यूटी द्या. मुलांना पहिल्यांदा वाटतं आपलंच चुकलं, कारण तिन्ही आकडे वेगळे येतात. मग त्यांना २६ जुलै २००५ सांगायचं, त्या दिवशी सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही, एकच मुंबई. आणि घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा त्या रात्री तुम्ही कुठे होता, असा होमवर्क द्या. आमच्या त्या अंकाची दोन पानं नुसत्या या उत्तरांनी भरली, कोण कुर्ल्याहून चालत आलं, कोण रात्रभर बसच्या टपावर, पान पुरलं नाही.

दिवाळीआधीच्या अंकात गणपती आणि भोंडला. लालबाग-परळला गणपतीचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, पण मूर्तिकारांकडे गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, ते वैतागलेले असतात, जुलैमध्ये जाऊन मुलाखत घेऊन ठेवा. मुलांना तीनच प्रश्न द्या, बाकी ती स्वतःच विचारतात. आमच्या तिसरीच्या मुलीने विचारलं की डोळे सगळ्यात शेवटी का, आणि ते दादा ब्रश बाजूला ठेवून पंधरा मिनिटं डोळ्यांच्या आखणीबद्दल बोलले. भोंडल्याचं सोपं आहे, पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि खिरापत कोणी ओळखली त्याचं नाव छापायचं, राहिलेल्यांपैकी दोन-चार टिक इथे आरामात होतात.

इथेच भाषेचा वाद होतो तो सांगते. आमची मुलं ‘मी म्हणालो’ म्हणत नाहीत, ‘मी बोललो’ म्हणतात, मुंबईची सगळीच म्हणतात. बाई म्हणाल्या सुधारायचं. मी म्हटलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, पण मुलाखतीत मूल जसं बोललं तसं राहू द्या, नाहीतर चौथीचा मुलगा अंकात एकदम पन्नास वर्षांचा वाटतो. अर्ध्यावर तह झाला, बातमीत ‘म्हणाला’, मुलाखतीत ‘बोलला’.

जानेवारीच्या अंकात ३ जानेवारी, सावित्रीबाई फुल्यांची जयंती, येतेच. पहिल्या वर्षी एकाने लिहिलं सावित्रीबाई दादरच्या बाजूला नायगावला जन्मल्या, आणि आम्ही तिघांनी वाचूनही ते तसंच छापलं! त्यांचं नायगाव साताऱ्याकडचं, सन १८३१. तेव्हापासून प्रत्येक तारीख आणि गाव पुस्तकात बघितल्याशिवाय जात नाही. आपल्या आजूबाजूची मुलं ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली गर्दी बघतात, घरचे पाणीवाटपाला जातात, त्यांना लिहायला सांगा, पुस्तकातून उतरवलेलं भाषण नको, डोळ्यांनी बघितलेलं. शिवडीला फ्लेमिंगो बघायला नेणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून न्या, चिखल उघडा पडतो तेव्हाच ते चरायला उतरतात.

एप्रिलच्या अंकात चौथीचा निरोप. फार रडकं करू नका. प्रत्येकाने पहिलीच्या मुलांना एक कामाची गोष्ट सांगायची एवढंच, जसं की कुठला नळ जोरात येतो, खिचडीच्या मावशींकडे दुसऱ्यांदा कसं मागायचं.

छपाई. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, पाठपोट ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स, रंगीत अजिबात नको, पैसे जातात आणि चित्रं तेवढीच छान दिसतात. मुलांना पेन्सिलने लिहायला देऊ नका, झेरॉक्समध्ये उडून जातं, काळं पेन द्या. टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टमधलं व्हॉट्सॲपवर टाकलं की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, दोन्ही मुंबईच्याच ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेत. पण ल आणि श तेवढे बघून घ्या, काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि पहिलीतलं पोर अडखळतं कारण बाईंनी फळ्यावर वेगळे शिकवलेले असतात.

फोटोचं मात्र कडक ठेवा. जूनमध्येच पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि घेतली तरी चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र छापू नका, कारण पीडीएफ एकदा ग्रुपवर गेली की कुठे जाते कोणाला माहीत. आम्ही हात, पाठ, चपलांची रांग असे फोटो काढतो, बाकी चित्रं. मार्क आणि नंबर छापत नाही, त्यासाठी निकालपत्र आहे.

वाटायचं शुक्रवारी शाळा सुटताना, म्हणजे शनिवार-रविवार घरी वाचलं जातं. मुलांच्या कॉप्या सोडून दहा जास्त काढा, खिचडीच्या मावशी, शिपाईकाका, गेटसमोरचा वह्या-पेनवाला, मुलाखत दिलेले मूर्तिकार, यांना मुलांच्याच हातून द्या. आणि एक कॉपी फाइलला. फाइल ऑफिसच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा, कपाटावर नको, आमच्या शाळेचं छत जुलैमध्ये गळतं आणि सगळ्यात पहिला अंक, ज्यात पाऊस मोजायचा कसा ते लिहिलं होतं, तो भिजूनच गेला.