बारा देश, तीन विमानं आणि माझं डिझर्टेशन

पुण्यात संरक्षणशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा माझं भांडवल एकच होतं: लढाऊ विमानांची नावं, वेग, पल्ला, सगळं तोंडपाठ. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य झाला. डिझर्टेशनला 'सी-17 विमानाची क्षमता' असा विषय घेऊन गेले; सी-17 म्हणजे सैन्याचं अवजड मालवाहू विमान. सरांनी कागद परत सरकवला. "विमान राहू दे. पैसे कोण भरतं ते शोध."

शोधत शोधत हंगेरीतल्या पापा गावी पोचले. कागदावरच; पासपोर्ट तेव्हा नव्हता. तिथल्या हवाई तळावर तीन सी-17 आहेत आणि ती बारा देशांनी मिळून घेतलेली आहेत. 2008 साली करार लागू झाला, 2009 साली पहिलं विमान उतरलं. स्वीडन आणि फिनलंड तेव्हा नाटोत नव्हते, तरी यात होते. वाटणी विमानांची नाही, उड्डाणतासांची: करारातल्या वर्षाच्या 3165 तासांपैकी अमेरिकेचे 1000, स्वीडनचे 550, हंगेरीचे 50, एस्टोनियाचे 45. खर्चही त्याच हिशोबाने. नोंदणी मात्र हंगेरीची, विमानांवर खूणही तिचीच.

आमच्या गावी सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात. सातबारा हंगेरीचा, पाळी बारा जणांची! या उपमेवर मी बेहद्द खूश होते. सरांनी एवढंच विचारलं, "आणि एकाने ऐन वेळी मोटर चालवायला माणूसच दिला नाही तर?"

हेच 2011 साली दुसऱ्या एका सामाईक ताफ्यात घडलं होतं. नाटोची अवाक्स ही टेहळणी विमानं जर्मनीत गाइलेनकिर्शेनला असतात, नोंदणी लक्झेम्बर्गची, कर्मचारी अनेक देशांचे. लिबियावरच्या कारवाईत जर्मनीने सहभाग नाकारला आणि त्या विमानांतले आपले लोक काढून घेतले. विमानं उडत राहिली, पण भार इतरांवर पडला. मात्र त्याच सुमाराला जर्मन संसदेने अवाक्सचे आपले कर्मचारी अफगाणिस्तानात पाठवायला मंजुरी दिली. माझं अख्खं तिसरं प्रकरण या एका प्रसंगावर उभं राहिलं.

म्हणून नव्यांनो, आधी करार उघडा, त्यातली खर्चाची आणि बाहेर पडण्याची कलमं वाचा. शस्त्राचं माहितीपत्रक नंतर. भारत-अमेरिकेच्या 2016 च्या लेमोआ या लष्करी रसदीच्या कराराबद्दल 'आपण तळ देऊन टाकले' असं वर्गात मीही ठासून बोलले होते. मजकूर वाचला तर त्यात इंधन, रसद, दुरुस्ती आणि त्यांची भरपाई. तळ देण्याचं कलमच नाही. वर्गासमोर शब्द मागे घ्यावे लागले.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आणि कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल फुकट मिळतात. रुक्ष आहेत, पण सवय होते. जमलं तर पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच किंवा रशियन सुरू करा. मी टाळलं, आता हळहळते. नोकऱ्या थोड्या आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "भारताकडे स्वतःची 11 सी-17 आहेत. मग हे सामाईक प्रकरण आपल्याला कशाला?" मी उत्साहाने विहीर काढली. ते कोकणातले निघाले, घरामागे स्वतःची विहीर असलेले. पाण्याची पाळी म्हणजे काय हे समजावण्यातच माझी पाच मिनिटं गेली.