कपाट बदलून बघा : कॉमिकपासून प्रवासवर्णनापर्यंत कसं वाचावं

तालुक्याच्या वाचनालयात मी शिरलो की ग्रंथपाल रजिस्टरातून मान वर न काढता म्हणायचे, "तुमचं तिसरं कपाट उघडंच आहे." तिसरं कपाट कादंबऱ्यांचं. वीसेक वर्षं मी त्याच्यापुढंच उभा राहत आलो. एका उन्हाळ्यात त्या कपाटाला वाळवी लागली, पुस्तकं अंगणात उन्हाला घातली गेली आणि मला नाइलाजानं पाचव्या कपाटातली एक रहस्यकथा घेऊन घरी यावं लागलं. ती मी कादंबरीसारखी वाचली. रात्री झोपताना चार पानं, डोळे मिटायला लागले की खूण घालून बाजूला. पाचव्या रात्री खून कुणाचा झालाय तेच आठवेना. "दम नाही पुस्तकात," म्हणून परत केली.

दम पुस्तकात होता, माझी रीत चुकली होती. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथं गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात बघतं आणि मग म्हणतं, "चालवून दाखवा." रेवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणाऱ्या, चालीचा घोडा घेऊन कुणी टांग्याला जुंपत नाही. पुस्तकांच्या प्रत्येक प्रकाराची अशीच आपली चाल असते आणि ती ओळखून बसलं तरच पुस्तक पुढं नेतं. पुढची पाच वर्षं मी ती शिकण्यात घालवली. तुमचा वेळ वाचावा म्हणून ही रीत लिहून काढतोय.

आधी आपली यादी काढा

वाचलेली शेवटची दहा पुस्तकं कागदावर लिहा. आठवत नसतील तर वाचनालयाच्या रजिस्टरात सापडतात. प्रत्येकापुढं त्याचा प्रकार लिहा. माझ्या यादीत आठ कादंबऱ्या निघाल्या, एक आत्मचरित्र आणि एक मधुमेहावरचं पुस्तक. ते शेवटचं आईसाठी आणलेलं होतं, म्हणजे धरायचं तर नऊच.

मग एक साधा नियम लावून घ्या. दोन पुस्तकं आपल्या आवडीची, तिसरं परक्या कपाटातलं. परकं म्हणजे एकदम टोकाचंही नको. ऐतिहासिक कादंबऱ्या आवडत असतील तर जुनं प्रवासवर्णन घ्या, राजकारणावरचं वाचत असाल तर हेरकथा, आत्मचरित्रं आवडत असतील तर चित्रांतून सांगितलेलं एखादं चरित्र. त्याला तीस पानं द्या. नाहीच जमलं तर परत करा. शिक्षा भोगल्यासारखं वाचलेलं पुस्तक त्या अख्ख्या प्रकारावरचं मन उडवतं.

कॉमिक : आधी बघा, मग वाचा

"हे पोरांचं आहे" असं म्हणणारे मोठे लोक कॉमिक वाचतात ते फुग्यांतला मजकूर तेवढा. दहा मिनिटांत पुस्तक संपतं आणि पैसे वाया गेले असं वाटतं. चित्र ही त्यांच्या लेखी सजावट असते.

पान उघडलं की लगेच वाचायला लागू नका, अख्खं पान एकदा नजरेखालून घाला. सगळ्यात मोठी चौकट कोणती आहे? तिथं तुम्ही थांबावं असं चित्रकारानं ठरवलेलं असतं. मग एकेक चौकट घ्या. फुग्याची कड बघा. गुळगुळीत कड म्हणजे साधं बोलणं, काटेरी कड म्हणजे आरडाओरडा, ढगासारखी कड म्हणजे मनातली गोष्ट. दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी मात्र सगळ्यात महत्त्वाची. एका चौकटीत काठी उगारलेली आहे, पुढच्या चौकटीत माणूस आडवा पडलाय. काठी बसली कुठं? त्या पट्टीत. ते चित्र कुणी काढलेलंच नाही, ते तुमच्या डोक्यात उमटलं.

सरावाला एक खेळ सांगतो. दोन पानांवरचे सगळे फुगे कागदाच्या कपट्यांनी झाका, नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगून बघा आणि मग कपटे काढा. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर त्याच्याबरोबर खेळा, बहुतेक तेच जिंकेल.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करा. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेली अमर चित्र कथा मराठीतही आहे. गोष्ट माहीत असली की नजर चित्राकडं मोकळी राहते. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला वेताळ (फँटम) जुन्या मंडळींना आठवत असेल. रद्दीत अंक दिसला तर सोडू नका, हल्ली रद्दीवाल्यालाही त्याची किंमत कळलीय. हात बसला की २०११ सालचं 'भीमायन' बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत आणि त्यात सरळ रेषांच्या चौकटीच नाहीत. रेल्वेगाडी सापाचं रूप घेऊन येते. माणसं पानभर मोकळी वावरतात. चौकटीत वाचायची सवय लागते न लागते तोच हे पुस्तक ती मोडतं.

मांगा : पुस्तक उलटं धरा

माझी पहिली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, मी शेवटून वाचली. पानं नेहमीसारखी उलटत गेलो. नायक आधी रडत होता, मग लढत होता आणि मग शाळेत निघाला होता. म्हटलं, जपानी लोक गोष्ट अशीच सांगत असतील. शिरपूरहून सुटीला आलेली भाची मागून डोकावली आणि हसत सुटली, "मामा, उलटं धरेल शे पुस्तक!"

तर, आपण ज्याला मागचं मुखपृष्ठ म्हणतो तिथून सुरू करा. पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून डावीकडं जा, मग खालची ओळ. एका चौकटीत दोन फुगे असले तर उजवीकडचा आधी. पहिली वीस पानं डोळे अडखळतात, पुढं विसरायला होतं.

मांगा बहुतांशी काळ्या-पांढऱ्यात असते, कारण ती आधी स्वस्त कागदाच्या मासिकांत आणि साप्ताहिकांत हप्त्याहप्त्यानं छापली जाते. गाजली की दोनेकशे पानांचे खंड निघतात. त्यामुळं तिची चालही हप्त्याची आहे, दर वीस-पंचवीस पानांनी एक उत्कंठा. एका वेळी दोन-तीन हप्ते वाचावेत. मारामारीची पानं भराभर उलटा, चित्रकाराला तेच हवं असतं. मात्र एखाद्या पानावर नुसता पाऊस पडत असेल आणि कुणीच काही बोलत नसेल तर तिथं थांबा. घाईत सुटतात ती अशीच पानं.

आपल्याकडं मांगा परकी आहे असं म्हणायलाही जागा नाही. डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस आणि शिनचॅन १९९० मध्ये मांगा म्हणूनच जन्मले, टीव्हीवर नंतर आले. मोठ्यांनी ओसामू तेझुकांची 'बुद्ध' ही मालिका घ्यावी. कपिलवस्तूची गोष्ट जपानी चित्रकाराच्या नजरेतून वाचताना दहा ठिकाणी भांडावंसं वाटतं, आणि ते बरंच आहे. दुसरी 'बेअरफूट गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यातून ते वाचले आणि १९७३ पासून त्यांनी ही कथा चित्रांतून सांगितली. ती झोपण्यापूर्वी वाचू नका. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि त्या प्रती आपल्यासारख्याच डावीकडून उजवीकडं वाचायच्या आहेत, पण चित्रांचा आधार असल्यानं बेताच्या इंग्रजीवरही निभतं. शंभरावर खंड झालेल्या आणि अजून चालू असलेल्या मालिकेत सुरुवातीलाच उडी घेऊ नका. मुलांसाठी आणताना वयाचा शिक्का बघा. मांगाचे शोनेन (मुलग्यांसाठी), शोजो (मुलींसाठी), सेइनेन (मोठ्या पुरुषांसाठी), जोसेइ (मोठ्या बायकांसाठी) असे प्रकार वाचकाच्या वयावरून आणि मुलगा-मुलगी यावरून पडलेले आहेत, आणि मोठ्यांसाठीचं पुस्तक बाहेरून अगदी निष्पाप दिसू शकतं.

रहस्यकथा : एका बैठकीत, आणि हातात पेन

दोन जाती आधी वेगळ्या करा. 'कुणी केलं?' असं विचारते ती रहस्यकथा, 'आता काय होणार?' असं विचारते ती थरारकथा. थरारकथेला वेग लागतो, रहस्यकथेला स्मरणशक्ती. दोन्हींना चार-चार पानांचे घास चालत नाहीत. पहिली साठ-सत्तर पानं एका दमात झाली पाहिजेत, तोवर सगळी पात्रं येऊन बसलेली असतात. चाळीसगाव-धुळे पॅसेंजर मला यासाठी फार सोयीची पडली. तासाभराचा प्रवास, उतरायची घाई नाही.

दोन-तृतीयांश पुस्तक झालं की मिटा आणि आपला संशय कुणावर आहे ते कारणासकट लिहून ठेवा. मी एसटीच्या तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहितो. यंत्रातून निघालेल्या तिकिटाची छपाई काही महिन्यांत उडून जाते, पेनानं लिहिलेला संशय तेवढा उरतो. माझ्याकडं अशी कोरी झालेली तिकिटं आहेत, त्यांवर नुसती नावं : 'डॉक्टर', 'धाकटा भाऊ', 'माळी?'. बहुतेक चुकलेली. चुकलं की मागं जाऊन लेखकानं धागा कुठं दाखवला होता ते शोधा. मुळात कुठं दाखवलेलाच नसेल तर लेखकानं फसवलं, त्याचं दुसरं पुस्तक आणू नका.

मराठीत तोटा नाही. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळा पहाड आज वाचताना भाषा जुनी वाटेल, वेग नाही. मग सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला. फेलूदाची एक कथा तर वेरूळला घडते, मूर्तिचोरीची. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळला गेलेल्याला त्या कथेतले कोपरे डोळ्यांपुढं येतात.

कवितेबद्दल इथं फार लिहीत नाही. एवढंच करा, बहिणाबाई तोंडानं म्हणून वाचा. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. हातानं काम चालू असताना ओव्या तोंडातून आल्या, त्या इतरांनी टिपून घेतल्या आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. ते डोळ्यांनी मुकाट्यानं वाचणं म्हणजे भरीत नुसतं बघणं.

प्रवासवर्णन : आधी आपल्या गावावर तपासा

प्रवासवर्णन घेतलं की लोक पॅरिस किंवा न्यू यॉर्कपासून सुरुवात करतात. तिथं लेखक खरं सांगतोय की थापा मारतोय ते आपल्याला कसं कळणार? म्हणून पहिल्यांदा आपल्याच मुलखातून गेलेला प्रवासी पकडा. खानदेशाला असे प्रवासी भरपूर मिळाले, कारण सुरतेहून बुऱ्हाणपूरकडं जाणारी जुनी वाट इथूनच जात होती.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता घ्या. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलकानं त्याला वकील, म्हणजे दूत म्हणून चीनला धाडलं. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे खंबायतकडं जाताना तो नंदुरबारला आला. इथले मराठे कारागिरीत तरबेज आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, जेवणात भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल असतं, असं तो नोंदवतो. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम सांगतो. नवापुरात विणकर पुष्कळ, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा.

आता दोघांना तीन प्रश्न विचारा. लिहिलं कधी? इब्न बतूतानं मोरोक्कोला परतल्यावर, किती तरी वर्षांनी, आठवून सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं. मग तिळाचं तेल त्याच्या लक्षात राहिलं याचं अप्रूप वाटतं, आणि तपशील थोडे इकडचे तिकडं झाले असतील हेही समजतं. पोट कशावर चालत होतं? एक सुलतानाचा वकील, त्याला धर्म आणि रीतिरिवाज दिसतात. दुसरा व्यापारी, त्याला माल, भाव आणि जकात दिसते. आणि तिसरा प्रश्न, काय दिसलं नाही? दोघंही याच मुलखातून गेले, पण शेतात राबणाऱ्या बाईचा आवाज दोघांच्याही पानांत ऐकू येत नाही. एवढी झडती घेतली की मग पुढं न बघितलेल्या देशाच्या वर्णनातही लेखकाची नजर ओळखता येते.

वाचताना नकाशा शेजारी उघडा ठेवा. शिसपेन्सिलीनं मुक्काम जोडत जा. वेग अगदी कमी ठेवा, दिवसाला एक मुक्काम पुरे. इथल्या प्रकारांत हा एकच असा आहे की त्याला झोपतानाची चार पानं मानवतात. आणि जमलं तर त्या वाटेनं एकदा जाऊन या, पुस्तक पिशवीत घेऊन.

मी भुसावळ-सुरत पॅसेंजरनं गेलो. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूरला उतरलो. या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. मधल्या बाकावर नेमकी सीमेची रेघ आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून ताव्हर्निएचं ते पान पुन्हा वाचलं आणि बाजारात गेलो. एका दुकानात विचारलं, इथला वासाचा तांदूळ मिळेल का? म्हाताऱ्या दुकानदारानं तळहातावर चिमूटभर दाणे ठेवले.

"काय वास येतो म्हणता?"

"कस्तुरीचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका साहेबानं लिहून ठेवलंय."

त्यानं दाणे नाकाशी नेले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "शिजवा घरी, मग सांगा."

अर्धा किलो बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी भात शिजला तेव्हा वास सुटला होता खरा. पण कस्तुरीचा वास कसा असतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.