वायफाय जोडलंय पण नेट नाही? आधी आयपी बघा

वडोदऱ्यात दांडिया बाजारकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, वर रेंज पोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर आणून केबलने जोडतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, फोन चालतो पण लॅपटॉपवर एक पेज उघडत नाही. कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकून लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने आयपी दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय, मग मेन राउटरचं डीएचसीपी (आयपी आपोआप वाटणारी सोय) चालू आहे का आणि त्याची रेंज, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, भरली तर नाही ना ते तपासा. पण तिथेच डीफॉल्ट गेटवे (लॅपटॉप ज्या राउटरमार्फत नेटवर जातो त्याचा पत्ता) मेन राउटरचा नसून भलताच दिसला तर बहुतेक दोन्ही राउटर आयपी वाटतायत. घरात वाटणारा एकच हवा, हे नक्की! दुसऱ्या राउटरची केबल काढा, लॅपटॉप त्याला जोडून राउटरच्या सेटिंगमध्ये त्या राउटरचा लॅन आयपी (घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा पत्ता) बदला, म्हणजे मेनचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (मेनच्या डीएचसीपी रेंजबाहेरचाच हवा), मग त्याचं डीएचसीपी बंद करून सेव्ह करा, आणि मेनकडची केबल दुसऱ्या राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट घ्यायच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये लावा. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करून परत चालू करा.