भांडणात स्वतःची बाजू तपासताना

भांडणानंतर मनात घोळणारी वाक्ये जशीच्या तशी लिहून काढावीत आणि त्यांतील ‘मुद्दाम’, ‘नेहमीच’, ‘मला भागच पडले’ हे शब्द अधोरेखित करावेत. आईच्या औषधांचे पैसे पाठवायला भाऊ विसरला, की ‘त्याला काळजीच नाही’ असे आपण ठरवून टाकतो. आपण विसरलो, की मात्र महिनाअखेरची ओढाताण आठवते. परिस्थिती डावलून दुसऱ्याच्या स्वभावालाच दोष देण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिले. अशा वाक्यात ‘तो’च्या जागी ‘मी’ घालून वाचावे. लगेच सबब सुचली, तर तीच त्याचीही अडचण होती का, हे त्यालाच विचारावे. ‘भागच पडले’ सर्वांत चिवट. त्यासमोर आपण टाळलेला दुसरा मार्ग लिहावा, आणि तोही राग उतरल्यावरच.