खिडकीच्या काचांवर फराटे न उमटता त्या कशा पुसाव्यात

पुसून झाल्यावर लख्ख वाटलेली काच दुसऱ्या दिवशी तिरपे ऊन पडले की पांढुरक्या फराट्यांनी भरलेली दिसते, आणि मग दोष कापडाला किंवा पुसणाऱ्या हाताला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा पाण्यात असते. पाणी वाळून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार, प्रमाणापेक्षा जास्त पडलेला साबण आणि नीट न निघालेली धूळ ही तिन्ही काचेवरच राहतात. म्हणून काचेवरचे पाणी आपोआप वाळू न देता त्याआधीच ओढून काढणे हे या कामातले मुख्य सूत्र आहे.

वेळ त्याच हिशेबाने निवडावी. पूर्वेकडील खिडक्या दुपारनंतर आणि पश्चिमेकडील सकाळी पुसाव्यात, कारण उन्हाने तापलेल्या काचेवर पाणी टिकत नाही आणि आपण वायपर उचलेपर्यंत डाग धरलेले असतात. ढगाळ दिवस सर्वांत सोयीचा.

पाणी कोणते वापरावे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अनेक सोसायट्यांत वापरासाठी बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते आणि ते पुष्कळदा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचत असेल आणि साबणाला फेस कमी येत असेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्याने पहिल्यांदा धुण्यास हरकत नाही. शेवटचा हात मात्र मऊ पाण्याचा हवा. पावसाचे गाळून ठेवलेले पाणी, आरओचे शुद्ध पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्यासाठी चालते. एसीचे पाणी हवेतील बाष्प थंड होऊन तयार झालेले असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त ते कापडातून गाळून घ्यावे. एका खोलीच्या खिडक्यांना एक-दोन लिटर पुरते. येथे एक गफलत टाळावी: आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून घरकामाला वापरण्याची सवय चांगली असली, तरी यंत्राने वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, त्यामुळे काचेसाठी ते सर्वांत वाईट.

साबणाचे प्रमाण अगदी थोडे ठेवावे. पाच लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा पुरेसा आहे. फेस भरपूर आला की काच अधिक स्वच्छ होते ही समजूत खरी नाही, कारण तेवढाच फेस पुन्हा धुऊन काढावा लागतो.

काचेला ओला हात लावण्यापूर्वी सगळी कोरडी धूळ काढावी. हा टप्पा वगळला तर धुळीचा चिखल होतो आणि रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाजवळच्या घरांत त्यातील वाळूच्या कणांनी काचेवर बारीक चरेही पडतात. आधी डासांची जाळी आणि ग्रिल, मग चौकट, मग सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक आणि सर्वांत शेवटी काच, असा क्रम ठेवावा. ट्रॅकमधील माती रंगाच्या जुन्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने किंवा ओल्या कापडाने उचलावी. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, तीही याच वेळी मोकळी करावीत; ती बुजली की पावसाळ्यात ट्रॅकमध्ये साचलेले पाणी घरात उतरते.

आता साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने किंवा स्पंजने काच वरून खाली, कोपऱ्यांसकट पुसावी. मग मऊ पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या स्वच्छ कापडाने साबण काढावा आणि काच ओली असतानाच वायपर फिरवावा. वायपर काचेसाठीचा, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीचा असावा. फरशीचा येथे उपयोगी नाही. प्रथम वरची कड कोरड्या कापडाने बोटभर पुसून घ्यावी, कारण कोरड्या जागेपासून सुरुवात केली की ओघळ येत नाहीत. तेथून सरळ खाली ओढावे, प्रत्येक ओढीनंतर रबर पुसावे आणि पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर दोन-तीन सेंटिमीटर चढवून घ्यावी. प्रत्येक वेळी एकाच जागी रेघ उमटत असेल, तर रबराला चीर पडली आहे, रबर बदलावे. उरलेल्या कडा मायक्रोफायबरने किंवा वापरून मऊ झालेल्या सुती पंचाने टिपाव्यात. नवे सुती कापड नको, त्यातील खळ काचेला लागते; फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेले कापडही नको, त्याचा तेलकट अंश काचेवर उतरतो. वर्तमानपत्राचा कागद शेवटचा हात फिरवायला खरोखरच चांगला, पण पांढऱ्या चौकटीला त्याची शाई लागते.

कापडाचा शेवटचा हात आतून आडवा आणि बाहेरून उभा फिरवावा. मग एखादा फराटा राहिलाच, तर तो कोणत्या बाजूचा आहे हे दिशेवरूनच कळते.

जुने पांढरे ठिपके साबणाने निघणार नाहीत. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले कापड पाच-दहा मिनिटे डागावर धरावे आणि नंतर साध्या पाण्याने पुसावे. आम्लाने कॅल्शियमचा थर विरघळतो. हेच आम्ल संगमरवर, कोटा आणि कडप्प्यालाही खाते, म्हणून खिडकीखाली यांपैकी कोणत्या दगडाची पट्टी असेल तर तिच्यावर आधी जाड टॉवेल पसरावा. स्वयंपाकघराच्या खिडकीवरील तेलकट थराला व्हिनेगर नव्हे, तर कोमट साबणपाणी लागते. त्यासाठी धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने ॲल्युमिनियमची चौकट काळवंडते. काचेवर सनफिल्म असेल तर अमोनियायुक्त स्प्रे आणि ब्लेड दोन्ही दूर ठेवावीत. समुद्रकाठच्या घरांत काचेवर मिठाचा पातळ थर सतत बसतो. तेथे साबणाआधी नुसत्या पाण्याने एकदा पुसून घेतल्यास काम निम्मे होते.

बाहेरच्या बाजूचा प्रश्न उरतोच. सरकत्या खिडकीचा एक पल्ला उघडून शेजारच्या पल्ल्याचा जेवढा भाग हाताला लागेल तेवढा लांब दांड्याच्या वायपरने पुसावा. काही खिडक्यांचे पल्ले वर उचलून ट्रॅकमधून आत काढता येतात, मात्र ते जड असतात आणि वरच्या मजल्यावर ग्रिल नसताना हा प्रयोग करू नये. कठड्यावर उभे राहून किंवा कमरेपर्यंत बाहेर वाकून पुसणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे. तेवढा भाग दोरखंडावरून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडून, शक्यतो इमारतीतील सर्व घरांचा एकत्र, करून घेणे स्वस्तही पडते.